चॉकलेट फज: सणाआधीच्या वीस दिवसांच्या नोंदी

शनिवार, ४ तारीख

थोरलीने (वय १०) जाहीर केलं की यंदा आठ घरी द्यायचा खाऊ विकत आणायचा नाही, घरी करायचा, आणि तो चॉकलेट फज असेल. धाकट्याने (वय ६) लगेच पाठिंबा दिला. त्याला फज म्हणजे काय ते ठाऊक नाही, चॉकलेट ठाऊक आहे. मलाही फारसं ठाऊक नव्हतं, म्हणून ही वही.

आठ घरं, प्रत्येक डब्यात आठ तुकडे, एकूण ६४. २० सेंटिमीटरच्या चौकोनी ट्रेमध्ये अडीच सेंटिमीटरचे तुकडे पाडले तर बरोबर ६४ निघतात, हे थोरलीने कागदावर रेघा मारून काढलं. "मग आपल्याला?" धाकट्याने विचारलं. हिशेबात तो रकानाच नव्हता.

फज म्हणजे चॉकलेटची मऊ, दाट वडी. ती करायच्या वाटा दोन. सोपी वाट: चॉकलेट, कंडेन्स्ड मिल्क आणि लोणी एकत्र वितळवायचं आणि फ्रिजमध्ये घट्ट होऊ द्यायचं. जुनी वाट: साखर, दूध, कोको यांचा पाक ठरावीक अंशांपर्यंत उकळायचा, न हलवता गार करायचा आणि मग घोटायचा. पहिलीत फज घट्ट होतो तो चॉकलेटमधल्या कोको बटरमुळे, दुसरीत साखरेच्या बारीक कणांमुळे. सोप्या वाटेने सुरुवात.

ओट्यापासून मीटरभर अंतरावर जमिनीवर रंगीत चिकटपट्टी लावली. गॅस चालू असताना मुलांनी पट्टीच्या अलीकडे यायचं नाही. उकळता पाक पाण्यासारखा ओघळून जात नाही, कातडीला चिकटून बसतो आणि भाजतच राहतो. कुणाला भाजलंच तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरायचं, बर्फ लावायचा नाही, हेही फ्रिजवर लिहून ठेवलं. त्याच कागदावर दोन याद्या: "गरम कामं" (बाबा) आणि "गार कामं" (बाकी सगळे). गार कामांची यादी लांब निघाली म्हणून दोघं खूश.

रविवार, ५ तारीख

पहिला घाणा. कंडेन्स्ड मिल्कचा ४०० ग्रॅमचा डबा, ३०० ग्रॅम मिल्क चॉकलेट, ३० ग्रॅम लोणी. वजन दोघांनी केलं. धाकटा काट्यावरचे आकडे मोठ्याने वाचत होता, २९८ ला थांबला आणि उरलेल्या दोन ग्रॅमसाठी पाच मिनिटं चॉकलेटचे कण निवडत बसला.

संध्याकाळी फ्रिज उघडला तर ट्रेमध्ये दाट खीर. रात्री पुन्हा पाहिली, तरी खीरच.

कारण शोधायला वेळ लागला नाही. मिल्क चॉकलेटमध्ये साखर आणि दूध पावडर जास्त, कोको कमी. घट्ट धरून ठेवणारा मालच कमी पडला, आणि तोही मी वजनाने कमी घेतला होता. पुढच्या वेळी ५० ते ६० टक्के कोकोचं डार्क चॉकलेट, कंडेन्स्ड मिल्कच्या बरोबरीने. त्याहून फार कडू घेतलं तर मिश्रण फाटून तेल सुटायचा धोका असतो, म्हणून मधलंच बरं.

खीर वाया गेली नाही. चार दिवस दुधात घालून संपली.

मंगळवार, ७ तारीख

शाळेनंतर अर्ध्या मापाचा घाणा. खाली पाण्याचं पातेलं, वर काचेचं भांडं, त्यात नुसतं चॉकलेट. छान चकचकीत वितळलं होतं. मग धाकट्याने चमचा आणून दिला. शिकवल्याप्रमाणे धुवून आणला होता. पुसला नव्हता.

दोन मिनिटांत चॉकलेटचा गोळा झाला, ओल्या मातीसारखा.

ही गोष्ट मुलांना समजावताना मलाच नीट समजली. चॉकलेट म्हणजे कोकोचे आणि साखरेचे कोरडे कण, स्निग्धात तरंगणारे. त्यात पाण्याचे चार थेंब पडले की साखरेचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात. गंमत अशी की चार थेंबांनी बिघडतं आणि चार चमच्यांनी सुधारतं, कारण पाणी पुरेसं असलं की साखर त्यात विरघळते आणि गुठळी सुटते. कंडेन्स्ड मिल्कमध्ये साधारण पाव भाग पाणीच असतं. ते आणि लोणी ओतून ढवळलं तर गोळा पुन्हा सैल झाला.

म्हणजे चॉकलेट एकटं वितळवायची गरजच नाही. तिन्ही जिन्नस पहिल्यापासून एकाच भांड्यात. धोकाही गेला आणि एक भांडंही वाचलं. चमचा धुतल्याबद्दल धाकट्याला कुणी बोललं नाही, तरी तो दिवसभर दिसेल ती वस्तू पुसत होता.

शनिवार, ११ तारीख

४०० ग्रॅम डार्क चॉकलेट बारीक चिरून, कंडेन्स्ड मिल्कचा अख्खा डबा, ३० ग्रॅम लोणी, चिमूटभर मीठ. मंद आच, पाण्याच्या वाफेवर. चॉकलेटचे शेवटचे काही तुकडे दिसत असतानाच भांडं खाली उतरवलं, उरलेलं आतल्या उष्णतेने वितळलं. वरून व्हॅनिला.

ट्रेमध्ये बटर पेपर घालताना दोन बाजूंनी बाहेर सोडायचा, म्हणजे घट्ट झालेला फज कान धरून उचलता येतो. हे कान थोरलीने मोजून कापले. मिश्रण पसरायचं काम दोघांनी वाटून घेतलं. रंगीत साखरगोळ्या मात्र अर्ध्या तासाने टाकल्या, कारण गरम मिश्रणावर त्यांचा रंग सुटून डाग पडतात (कसं कळलं, ते मंगळवारच्या घाण्याला विचारा).

चार तासांनी उचलला तर एकसंध पाट. सुरी गरम पाण्यात बुडवायची, पुसायची, सरळ खाली दाबायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा पुसायची. पुसण्याचं खातं अर्थातच धाकट्याकडे. ६४ तुकडे.

माझ्या आईला चाखायला दिला. तिने डोळे मिटून खाल्ला, मान डोलावली आणि म्हणाली, "चांगला झालाय. पण हे चॉकलेटच आहे रे. मऊ केलेलं."

हे बोलणं मला लागायला नको होतं.

रविवार, १२ तारीख

जुनी वाट, पहिला प्रयत्न.

आधी थर्मामीटरची परीक्षा. उकळत्या पाण्यात धरला तर ९८ अंश दाखवतो. समुद्रसपाटीला पाणी १०० ला उकळतं आणि दर ३०० मीटर चढलं की साधारण एक अंश आधी. आता हे दोन अंश उंचीचे की थर्मामीटरच्या खोडीचे, काहीही असो, उपाय एकच: कृतीत जे अंश दिलेत त्यातून दोन वजा. फजचा पाक ११२ ते ११६ च्या दरम्यान उतरवतात. मी ११४ धरले, म्हणजे आमच्या काट्यावर ११२.

"गोळीबंद पाक म्हण की सरळ," आई म्हणाली. वाटीत गार पाणी घेऊन तिने पाकाचा थेंब टाकला, बोटांनी गोळी वळली, बाहेर काढल्यावर ती हळूच चपटी झाली. काटा त्या वेळी १११ वर होता. "झालाच," ती म्हणाली. मी आणखी एक अंश थांबलो. हट्ट.

माप: साखर ४०० ग्रॅम, दूध २०० मिलिलिटर, कोको ४० ग्रॅम, मध एक मोठा चमचा, मीठ, जाड बुडाचं खोल पातेलं. दूध उकळून वर येतं, त्यामुळे पातेलं वाटतं त्याच्या दुप्पट मोठं हवं. साखर पूर्ण विरघळेपर्यंत ढवळायचं आणि उकळी फुटली की चमचा बाजूला. कडेला चिकटलेले साखरेचे दाणे ओल्या ब्रशने खाली उतरवायचे, कारण त्यातला एक जरी आत पडला तरी त्याच्याभोवती बाकीची साखर जमू लागते. मध याच कारणासाठी. त्यातली साखर वेगळ्या जातीची, ती मध्ये मध्ये घुसून नेहमीच्या साखरेला रांगेत जमू देत नाही.

उतरवल्यावर वर ३० ग्रॅम लोणी ठेवायचं, ढवळायचं नाही, आणि सगळं ४५ अंशांपर्यंत गार होऊ द्यायचं.

इथे घात झाला. मी फोनवर बोलायला बाहेर गेलो. गॅस बंद, पातेलं ओट्याच्या आतल्या बाजूला. परत आलो तेव्हा धाकटा स्टुलावर उभा राहून लांब चमच्याने "फक्त लोणी आत ढकलत" होता. काटा ७१ वर. भाजलं नाही हे नशीब, आणि पट्टीचा नियम गॅस बंद झाल्यावर संपतो असं त्याने समजणं ही माझी चूक. नियम आता पातेल्याला लागू आहे, गॅसला नाही.

घोटल्यावर फज जमला, पण रवाळ. दाताखाली वाळू.

याच रात्री कुतूहल म्हणून फजचा इतिहास चाळला. सगळ्यात जुन्या लेखी पुराव्यांपैकी एक म्हणजे एमेलिन हार्ट्रिज या विद्यार्थिनीचं पत्र. अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये १८८६ साली तिच्या मैत्रिणीच्या नात्यातल्या कुणी फज केला होता, त्याची कृती तिने मिळवली आणि १८८८ मध्ये व्हॅसार कॉलेजच्या समारंभासाठी ३० पौंड फज केला. थोरलीने लगेच भागाकार मांडला: साडेतेरा किलो, आपला तुकडा १३ ग्रॅमचा, म्हणजे हजाराच्या वर तुकडे. "आणि आपल्याला ६४ होईनात," असं म्हणून ती झोपायला गेली.

मंगळवार, १४ तारीख

वाळूची दुरुस्ती. रवाळ फज फेकायचा नसतो. तुकडे पातेल्यात टाकून वर दीड कप पाणी, मंद आचेवर एकूण एक दाणा विरघळेपर्यंत ढवळलं. मग पुन्हा उकळी, पुन्हा ११२. घातलेलं पाणी सगळं उडवायचं असतं, त्यामुळे वेळ दुप्पट लागला. या वेळी पातेलं मी माझ्या खोलीत नेऊन दार लावून घेतलं.

फज गुळगुळीत झाला. आई म्हणाली, "आता हा फज."

पण दार लावून केलेला. धाकटा दाराबाहेर बसून होता आणि दर दोन मिनिटांनी "झाला का" विचारत होता. आम्ही हे मुलांबरोबर करायला घेतलं होतं, मुलांपासून लपवून नव्हे. कृतीतली सगळ्यात अवघड पायरी ना उकळण्याची, ना घोटण्याची. तासभर हात न लावण्याची आहे, आणि घरात सहा वर्षांचा माणूस आहे.

शनिवार, १८ तारीख

ठरवलं की कारण त्यांच्या डोळ्यांना दाखवायचं.

एकाच पातेल्यातला पाक दोन भांड्यांत ओतला. पहिलं भांडं मी लगेच, गरम असतानाच, ढवळायला घेतलं. दुसरं ४५ पर्यंत तसंच ठेवलं. मग दोन्हींतलं थोडं थोडं काळ्या कागदावर पसरून भिंगाखाली ठेवलं. पहिल्यात दाणे नुसत्या डोळ्यांनीही दिसत होते. दुसऱ्यात भिंगातूनही काही दिसेना.

मी असं सांगितलं: पाकात साखर मावते त्याहून जास्त कोंबलेली आहे, तिला बाहेर पडायचंय. गरम असताना हलवलं की मोजकेच दाणे तयार होतात आणि बाकीची साखर त्यांच्याच अंगावर चढून ते फुगतात. गार झाल्यावर गर्दी इतकी वाढलेली असते की घोटायला लागलं की एकदम लाखो दाणे जन्मतात, आणि वाट्याला थोडी थोडी साखर आल्यामुळे कुणीच मोठा होत नाही. "म्हणजे खाऊ कमी आणि मुलं जास्त," थोरली म्हणाली. याहून बरं मला सांगता आलं नसतं.

दुपारी दुसरा घाणा, आणि नवी व्यवस्था. पातेलं टेबलाच्या मधोमध, थर्मामीटर आधीपासूनच आत अडकवलेला (नंतर खुपसला तर तोही चमच्याइतकाच गुन्हेगार). समोर खुर्ची. खुर्चीवर धाकटा, गळ्यात पुठ्ठ्याचा बिल्ला: पहारेकरी. काम एकच, पातेल्याला कुणालाही हात लावू द्यायचा नाही. पाक टेबलावर असेपर्यंत मीही तिथेच बसून, खुर्चीचे पाय पट्टीच्या मागे. थोरली दर दहा मिनिटांनी आकडा लिहिते.

तिचा तक्ता: उतरवल्यावर ११२, दहा मिनिटांनी ९३, वीस ८१, तीस ७१, चाळीस ६३, पन्नास ५७, साठ ५२, सत्तर ४८, ऐंशी ४५. सुरुवातीला भरभर आणि शेवटी मुंगीच्या पायाने, हे तिला आलेखावर काढल्यावर कळलं. पाक जसजसा खोलीच्या जवळ येतो तशी गार होण्याची घाई कमी होते.

पहारेकरी ऐंशी मिनिटं बसला. मधे एकदा शू करायला गेला, तेव्हा बिल्ला माझ्या गळ्यात घालून गेला.

आणि मग ज्याचा मला अंदाज नव्हता ते घडलं. घोटायचं काम मुलांचं निघालं. ४५ अंशांचं पातेलं हाताला फक्त कोमट लागतं, त्यामुळे सगळ्यात कष्टाची पायरी त्यांच्या हातात बिनधास्त देता येते. लाकडी कालथा, प्रत्येकी ५० घोट, मग पुढचा. पहिल्या दोनशे घोटांत काहीच होत नाही, नुसता चकचकीत चिखल. मग रंग एक छटा उजळतो, कालथा जड होतो, आणि चमक जायला लागते. चमक गेली की वेळ नाही. आम्ही "बघ बघ" म्हणत अर्धा मिनिट जास्त घोटलं आणि फज पातेल्यातच धरला. खणून काढावा लागला.

चव उत्तम. रूप दगडाच्या खाणीचं.

रविवार, १९ तारीख

कालच्या फजचा तुकडा आज जास्त मऊ लागतो. रात्रभर झाकून ठेवल्यावर ओलावा सगळीकडे सारखा पसरतो म्हणे, म्हणून तो सणाच्या आदल्या दिवशी न करता दोन दिवस आधी करायचा.

बेत बदलला. जुन्या कृतीचं हे माप १५ सेंटिमीटरच्या ट्रेमध्ये नीट बसतं: सहा गुणिले सहा, ३६ तुकडे. सोपा फज अर्ध्या मापाने तशाच ट्रेमध्ये, आणखी ३६. प्रत्येक डब्यात चार आणि चार. ७२ मधून ६४ गेले, उरले ८. धाकट्याचा रकाना अखेर हिशेबात आला.

आठपैकी एका घरच्या मुलाला शेंगदाणे आणि सुकामेवा चालत नाही. त्याच्या आईशी बोललो. चॉकलेटच्या वेष्टणावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की त्यात सुकामेव्याचे अंश असू शकतात, ते थोरलीने तीन पुड्यांवर वाचलं आणि तसं काही नसलेली चौथी निवडली. बाकी सगळ्यांना भाजलेल्या बदामाचे काप हवे होते. मी सगळ्याच घाण्यांतून बदाम काढून टाकले. दोन सुऱ्या, दोन ट्रे आणि "हा कुठला" हा गोंधळ सांभाळण्यापेक्षा संत्र्याच्या सुकवलेल्या सालीचे बारीक तुकडे सगळ्यांना चालतील. थोरली दिवसभर रुसली.

बुधवार, २२ तारीख

सकाळी सोपा फज, अर्ध्या तासात ट्रेमध्ये. याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, आणि हेच त्याचं कौतुक.

दुपारी जुना. ११२ ला उतरवला. लोणी वर. पहारेकरी जागेवर, बिल्ल्यावर आता चांदणीही आहे.

तासाभराने आई आली. नेहमीच्या सवयीने चमचा घेऊन वाकली, पाक कसा झालाय ते बघायला. धाकट्याने दोन्ही हात पसरले.

"आजी, नाही. बावन्न आहे अजून."

"अरे, मी काय बिघडवणार आहे?"

"सगळ्यांना असंच वाटतं," तो म्हणाला.

आई चमचा घेऊन मागे फिरली आणि सत्तेचाळीस होईपर्यंत शेजारी खुर्ची ओढून बसली. मी उरलेले दोन अंश उभाच होतो.

घोटताना या वेळी थोरलीने नजर फक्त चमकेवर ठेवली. "आता" म्हणाली त्या क्षणी ओतला. कडेला थोड्या लाटा उमटल्या, मध्ये सपाट. सालीचे तुकडे लगेच दाबले, कारण हा फज साखरगोळ्यांची वाट बघत नाही. पातेलं खरवडायचा हक्क घोटणाऱ्यांचा, असा ठराव दोन विरुद्ध शून्य मतांनी झाला. मला मत नव्हतं.

गुरुवार, २३ तारीख

कापले. जुन्यातला एक कोपरा तुटला, तो उरलेल्या आठांत धरला. थरांमध्ये बटर पेपर, डबे हवाबंद. झाकणावर चिठ्ठी: गडद तुकडे फ्रिजमध्ये, फिके बाहेर चालतील पण ओलाव्यापासून लांब, साखर हवेतलं पाणी ओढते. पंधरवड्यात संपवा. एका घरी कुत्रा आहे, त्या चिठ्ठीवर थोरलीने ठळक अक्षरात आणखी एक ओळ लिहिली: याला देऊ नका, चॉकलेटमधलं थिओब्रोमिन कुत्र्यांना विषारी असतं. खाली कुत्र्याचं चित्र काढून त्याच्यासाठी स्वतंत्र क्षमा मागितली आहे.

डबे आठ, चिठ्ठ्या आठ. थर्मामीटर धुवून, पुसून खणात. जमिनीवरची पट्टी काढायला गेलो तर धाकटा म्हणाला राहू दे, आणि बिल्ला उशीखाली ठेवायला घेऊन गेला.